पट्टा कुणाच्या मनगटाचा?

१८१० साली कॅरोलिन म्यूराने पॅरिसच्या ब्रेगे या नामवंत घड्याळजीकडे एक वेगळीच मागणी नोंदवली. ही नेपोलियनची सर्वांत धाकटी बहीण आणि तेव्हाची नेपल्सची राणी. तिला मनगटावर बांधता येईल असं घड्याळ हवं होतं. त्या काळी घड्याळ खिशात असायचं, गळ्यात असायचं, नाहीतर भिंतीवर. ब्रेगेने १८१२च्या अखेरीस तिचं घड्याळ पूर्ण केलं. ते घड्याळ पुढे हरवलं, पण ब्रेगेच्या जुन्या वह्यांमध्ये त्याची नोंद शिल्लक आहे. त्या नोंदीत पट्ट्याचंही वर्णन आहे: सोन्याच्या तारेत गुंफलेल्या केसांचा पट्टा.

घड्याळाच्या इतिहासात काटे, चक्रं, क्वार्ट्झ आणि चिप यांच्यावर पानंच्या पानं लिहिलेली सापडतात. पट्ट्याच्या वाट्याला एखादं वाक्य येतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, घड्याळांचा संग्राहक वगैरे नाही. घरातल्या एका अडचणीमुळे मी पट्ट्यांबद्दल वाचायला लागलो आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. घड्याळ मनगटावर टिकलं ते पट्ट्यामुळे, आणि प्रत्येक पट्टा कुणाच्या तरी ठरावीक कामासाठी, ठरावीक मनगटासाठी तयार झाला. आज आपण व्यायामासाठी किंवा रोजच्या वापरासाठी स्मार्टवॉचचा पट्टा घेताना रंग बघतो आणि किंमत बघतो. त्याआधी ‘हा पट्टा मुळात कुणासाठी बनला?’ असं विचारलं तर निवड बरीच सोपी होते.

दागिना आणि लगाम

कॅरोलिननंतर जवळजवळ शंभर वर्षं मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जायचा. पुरुषाचं घड्याळ वेस्टकोटाच्या खिशात, साखळीला अडकवलेलं. मनगटावर घड्याळ बांधणाऱ्या पुरुषाला लोक हसायचे.

ते हसणं युद्धाने थांबवलं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) ब्रिटिश अधिकाऱ्यांना घोड्यावर बसून, एका हातात लगाम धरून वेळ बघायची होती. खिसा चाचपायला, साखळी ओढायला, झाकण उघडायला हात मोकळा नव्हता. मग त्यांनी कातड्याचे असे पट्टे वापरले, ज्यांच्या मधोमध एक वाटी असायची. खिशातलं नेहमीचं घड्याळ त्या वाटीत बसवायचं आणि मनगटाला बांधायचं. यंत्र तेच राहिलं, बदलला तो पट्टा.

काही वर्षांनी हीच अडचण हवेत आली. ब्राझीलचे वैमानिक आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांना उडताना दोन्ही हात यंत्रावर ठेवावे लागत. १९०४ साली त्यांचे मित्र लुई कार्तिए यांनी त्यांच्यासाठी कातडी पट्ट्याचं चौकोनी घड्याळ बनवलं. १९११पासून ते सर्वांसाठी विक्रीला आलं.

पहिल्या महायुद्धात मात्र हे सगळ्यांचंच झालं. तोफांचा मारा ठरलेल्या मिनिटाला पुढे सरकायचा आणि त्याच्यामागून पायदळ चालायचं. मिनिटाची चूक झाली की आपलेच गोळे आपल्याच माणसांवर. घड्याळाच्या डबीला तारेच्या कड्या डाग देऊन जोडल्या जाऊ लागल्या आणि त्या कड्यांतून कातडी पट्टा ओवला जाऊ लागला. आपल्या घड्याळाला पट्टा जिथे अडकतो, ती जागा या कड्यांची वारसदार आहे.

या गोष्टीचा एक धागा मुंबईतूनही जातो. वेस्ट एंड वॉच कंपनी ही स्विस कंपनी, आपला आरंभ १८८६ सालचा सांगते. मुंबईत आणि कोलकात्यात तिचा मोठा धंदा होता. तिच्या सर्वांत गाजलेल्या घड्याळाचं नाव ‘सोवार’, म्हणजे आपला स्वार, घोडेस्वार. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढायला गेलेल्या भारतीय सैनिकांच्या मनगटांवर या कंपनीची घड्याळं होती. ज्याचा हात लगामात अडकलाय त्याच्यासाठी घड्याळ मनगटावर आलं, हे त्या एका नावातच आहे.

घामाशी गाठ

कातड्याची एक अडचण आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. घाम मुरला की कातडं काळं पडतं, कडक होतं, वास मारतं आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. थंड हवेतल्या, कोटाच्या बाहीखालच्या मनगटासाठी बनलेला तो पट्टा. त्यामुळे विसाव्या शतकातला पट्ट्यांचा इतिहास म्हणजे मुख्यतः घामाशी आणि पाण्याशी केलेली झटापट आहे.

१९६०च्या दशकात पाणबुड्यांच्या घड्याळांवर ‘ट्रॉपिक’ नावाचे रबरी पट्टे दिसू लागले. त्यांना ओळीने भोकं होती आणि आतल्या बाजूला जाळीसारखी नक्षी. ती शोभेची नव्हती. गुळगुळीत रबर ओल्या कातडीला चिकटून बसतं; भोकांतून पाणी बाहेर पडतं आणि नक्षीमुळे पट्टा जरासा उचललेला राहतो. आज जिमसाठी विकल्या जाणाऱ्या भोकाभोकांच्या सिलिकॉन पट्ट्यामागे हाच विचार आहे.

१९७३ साली ब्रिटनच्या संरक्षण खात्याने नायलॉनच्या पट्ट्याचं प्रमाण ठरवलं. सैनिकाला तो मिळवायला जी-१०९८ नावाचा फॉर्म भरावा लागे, म्हणून त्याला ‘जी-टेन’ म्हणू लागले. बाजारात आज तो ‘नाटो पट्टा’ या नावाने मिळतो. त्याची रचना हुशारीची आहे. एकच सलग पट्टी घड्याळाच्या पाठीखालून जाते. एका बाजूची पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनवर लटकून राहतं, खाली पडत नाही. वर तो धुता येतो आणि लवकर वाळतो.

स्टीलचीही एक शाखा आहे. अमेरिकेतल्या स्पायडेल कंपनीने १९५९ साली ‘ट्विस्ट-ओ-फ्लेक्स’ हा ताणला जाणारा स्प्रिंगचा पट्टा आणला. तशा धाटणीचे पट्टे आपल्या आजोबांच्या पिढीने मनसोक्त वापरले. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरात एचएमटीचा घड्याळाचा कारखाना सुरू झाला. दहावी पास झालेल्या मुलाला किंवा लग्नात जावयाला एचएमटी देण्याचा काळ होता तो. बक्कल नाही, भोकं नाहीत, हात घातला की झालं. त्याबदल्यात मनगटावरचे केस उपटले जायचे.

आणि शेवटी वेल्क्रो. स्विस इंजिनिअर जॉर्ज द मेस्त्राल १९४१ साली रानातून फिरून आले, तेव्हा कुत्र्याच्या केसांत आणि त्यांच्या कपड्यांत काटेरी फळं अडकली होती. त्या काट्यांचे बारीक आकडे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि पुढे १९५५ साली पेटंट घेतलं. अपोलो मोहिमांमधल्या अंतराळवीरांनी अंतराळपोशाखाच्या जाडजूड बाहीवरून ओमेगाची घड्याळं बांधली, ती वेल्क्रोच्या लांब पट्ट्यांनी. बाहीची जाडी बदलली तरी पट्टा हवा तिथे थांबवता येतो, हा त्याचा गुण. बक्कलच्या दोन भोकांच्या मध्ये अडकणारी मनगटं पृथ्वीवरही पुष्कळ आहेत.

घड्याळाला पाठीकडून डोळा फुटला

इथपर्यंत पट्ट्याचं काम एकच होतं: घड्याळ धरून ठेवणं. थोडा सैल झाला तरी वेळ चुकत नसे. स्मार्टवॉचने हे बदललं.

व्यायाम करताना हृदयाचे ठोके मोजणारं बिनतारी यंत्र १९८२ साली फिनलंडच्या पोलर कंपनीने आणलं. त्यात छातीला पट्टा बांधावा लागे. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपून मनगटावरच्या घड्याळाकडे पाठवायचा. पद्धत अचूक, पण दिवसभर छातीला पट्टा बांधून कोण फिरणार?

मनगटावर ठोके मोजण्याची युक्ती त्याहून जुनी निघाली. प्रकाश टाकून कातडीखालच्या रक्ताची भरती-ओहोटी मोजता येते, यावर अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ आल्रिक हर्ट्झमन १९३०च्या दशकातच काम करत होते. स्मार्टवॉचच्या पाठीवर लुकलुकणारा हिरवा दिवा तेच करतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो, दोन ठोक्यांच्या मध्ये तो वाढतो. शेजारचा सेन्सर हा फरक मोजतो.

आता हा सेन्सर कातडीवर डुगडुगतोय असं समजा. फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो. हात हलला की सेन्सर आणि कातडी यांच्यातलं अंतर बदलतं आणि तो बदलही परत येणाऱ्या प्रकाशात मिसळतो. पळताना दर मिनिटाला १६० पावलं पडत असतील, तर घड्याळ त्या हिसक्यांनाच ठोके समजून १६० दाखवू शकतं. थोडक्यात, पट्टा आता मोजमापाच्या यंत्राचा भाग झाला आहे. तो नीट बसला नाही, तर आत कितीही भारी चिप असली तरी उपयोग नाही.

यात नाटो पट्ट्याची गंमत झाली. पाठीखालून जाणारी ती सलग पट्टी सैनिकाच्या घड्याळाला वाचवत होती. स्मार्टवॉचमध्ये ती बरोबर सेन्सरच्या डोळ्यावर येते.

आईचं मनगट

आता घरातली अडचण. आईला रक्तदाब आहे. डॉक्टरांनी तिला रोज ४० मिनिटं भरभर चालायला सांगितलं आणि चालताना ठोक्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं. म्हणून घरात स्मार्टवॉच आलं. सोबतचा सिलिकॉनचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवूनही तिच्या मनगटावर फिरत होता. त्यात खाली बांगड्या. हात खाली केला की घड्याळ घसरून बांगड्यांवर येऊन बसायचं.

आई दोन-चारची बांगडी घालते. हे माप ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: दोन-चार म्हणजे आतून दोन पूर्णांक चार सोळांश इंच, साधारण ५७ मिलिमीटर. बांगडी भरताना कासार मनगट मोजत नाही. तो पंजा दाबून बघतो, कारण बांगडी पंजावरून चढायला हवी. मनगटावर ती सैलच असते, ती तशीच असायची असते. आपल्या बायकांच्या मनगटांना शतकानुशतकं सैल वस्तूची सवय आहे. आणि हे यंत्र म्हणतं, घट्ट बांधा.

महिनाभराने आईने फोन डॉक्टरांसमोर धरला. सावकाश चालत असतानाही मध्येच ठोके १५०च्या वर गेलेले दिसत होते. डॉक्टरांनी छातीत धडधड होते का विचारलं, ईसीजी काढायला लावला. ईसीजी व्यवस्थित आला. पण दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. माझ्या कामात आम्ही अशा आकड्यांना ‘नॉइज’ म्हणतो आणि गाळून टाकतो. गाळण्याआधी तो आकडा कुणाच्या तरी झोपेत शिरलेला असतो, हे ऑफिसच्या स्क्रीनवर दिसत नाही.

मी म्हटलं, “अगं, जरा घट्ट बांध ना.”

तिने घट्ट बांधलं. पंधरा दिवसांत मनगटावर लाल चट्टा उमटला.

“घट्ट बांधलं की खाजतं, सैल केलं की तुझं घड्याळ बोंबलतं,” ती म्हणाली. “मी काय करू ते तूच सांग.”

त्वचेच्या डॉक्टरांनी चट्टा पाहून सांगितलं, ॲलर्जी नाही. पट्ट्याखाली साबणाचं पाणी आणि घाम अडकून राहतोय. आईचे हात दिवसातून कितीतरी वेळा पाण्यात जातात. भांडी, भाज्या, कणीक. पट्ट्याच्या भोकांत कणीक वाळून बसलेली मी स्वतः टाचणीने काढली आहे. जाहिरातीतला माणूस डोंगर चढतो, समुद्रात उडी मारतो. तो कधी कणीक मळताना दिसत नाही.

कातडीला काय लागतं

पट्ट्यामुळे कातडी बिघडणं हा एकट्या आईचा अनुभव नाही. २०१३ साली आलेला फिटबिट फोर्स हा पट्टा कंपनीला पुढच्याच वर्षी परत बोलवावा लागला. अमेरिकेत विकलेले सुमारे १० लाख पट्टे त्यात होते. कातडी लाल होण्याच्या, खाजण्याच्या सुमारे ९,९०० तक्रारी आणि फोड आल्याच्या सुमारे २५० तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. पट्ट्यातले पदार्थ, चिकटवायचे गोंद किंवा स्टीलमधलं निकेल यांची ॲलर्जी, असं कारण कंपनीने सांगितलं होतं.

निकेलचं दुखणं तर जुनं आहे. स्वस्त कानातल्यांनी कान चिघळतात, तेच बक्कलखाली होतं. युरोपीय संघाने १९९४ साली कायदा करून कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूंमधून किती निकेल सुटू द्यायचं याची मर्यादा घातली. पट्टा कापडी असला तरी बक्कल कशाची आहे ते बघायचं, ते यासाठी.

तिसरी गोष्ट अगदी अलीकडची. फ्लुओरोइलॅस्टोमर नावाचं एक रबर आहे. ड्युपाँ कंपनीने १९५७ साली ‘व्हायटन’ या नावाने ते बाजारात आणलं. विमानाच्या इंजिनात, तेल आणि उष्णता सोसणाऱ्या सीलसाठी ते वापरलं गेलं. घाम, तेल, सनस्क्रीन यांनी ते खराब होत नाही, मऊ राहतं, म्हणून पुढे ते महागड्या पट्ट्यांत आलं. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातल्या संशोधकांनी २२ पट्टे तपासले. १५ पट्ट्यांमध्ये फ्लोरिनचं प्रमाण जास्त सापडलं आणि अनेकांतून पीएफएचएक्सए हे रसायन बाहेर काढता आलं. निसर्गात सहजी विघटन न होणाऱ्या, ‘कायमची रसायनं’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटातलं हे रसायन. महाग पट्ट्यांत ते जास्त आढळलं. पट्ट्यात काय आहे हे या अभ्यासाने मोजलं; शरीरात किती जातं हे मोजणं त्याचं काम नव्हतं. म्हणून धोका किती, हे त्यावरून ठरत नाही. पण ‘महाग म्हणजे कातडीला चांगला’ हा हिशेब मात्र इथे चालत नाही.

मग कोणता घ्यायचा?

आईसाठी आम्ही नायलॉनचा, वेल्क्रोने बंद होणारा पट्टा घेतला. बांगड्या उजव्या हातात गेल्या, डाव्या हातात एकच राहिली. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, कोपराच्या बाजूला बांधायचं, जिथे मांस जरा जास्त आहे. चालायला निघताना वेल्क्रो ओढून घट्ट, घरी आलं की सैल. स्वयंपाकाच्या वेळी काढून खुंटीवर. चट्टा गेला आणि ते उगाचचे १५० दिसेनासे झाले.

हाच पट्टा सगळ्यांना चालेल असं मात्र नाही. तुम्ही पोहत असाल तर नायलॉन तासभर ओला राहील आणि ओलं कापड कातडीवर तसंच ठेवणं वाईट. तिथे भोकांचा सिलिकॉन पट्टा बरा, पोहून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पुसलेला. जिमला जात असाल तर मनगट मागे वाकवून बघा. दंड मारताना स्टीलची कडी किंवा जाड बक्कल रुतते. कातडी पट्टा ऑफिससाठी आणि लग्नकार्यासाठी ठेवा, मुंबईच्या मे महिन्यात त्याच्याकडून पळण्याची अपेक्षा करू नका. स्टीलचा पट्टा जड असतो, तो घड्याळाला खाली ओढतो आणि सेन्सर हलतो; तो घालून घेतलेले व्यायामाचे आकडे फार मनावर घेऊ नका.

बहुतेकांना दोन पट्टे लागतात, एक घामाचा आणि एक रोजचा. बऱ्याच घड्याळांना २० किंवा २२ मिलिमीटरचा साधा पट्टा बसतो आणि खटक्याच्या पिनने तो नखानेही बदलता येतो. रस्त्याकडेच्या घड्याळवाल्याकडेही तो मिळतो. घेण्याआधी घरी दोऱ्याने मनगट मोजा आणि पट्टा सर्वांत आतल्या भोकात किती लहान होतो ते विचारा. पट्टा मोठा किती होतो हे पाकिटावर लिहिलेलं असतं. बारीक मनगटाच्या माणसाला नेमकी दुसरी बाजू हवी असते.

दुकानात आपण एसीत उभे असतो, हात कोरडा असतो आणि घड्याळ मनगटावर दोन मिनिटं असतं. तेवढ्यात कुठलाही पट्टा छान वाटतो. म्हणून तो बांधून मूठ वळा, हात झटका, पट्ट्याखाली एक बोट सरकतं का बघा, एका हाताने काढता-घालता येतो का बघा. आणि ज्याच्यासाठी घेताय त्या माणसाचा दिवस आठवा: त्याचे हात कशात बुडतात, कशावर टेकतात, त्या मनगटावर आधीपासून काय आहे. ब्रेगेला राणीचं मनगट ठाऊक होतं. तयार पाकिटातल्या पट्ट्याला तुमचं मनगट ठाऊक नसतं, ते तुम्हालाच सांगावं लागतं.